डीसीच्या घरातला टॉर्च

कालिंदीने टॉर्च तळहातावर दोनदा आपटला, काचेवर फुंकर मारली आणि शेवटी वैतागून पदराने पुसला. यातल्या कशानेही तो लागला नाही. मग तो काखेत मारून, एका हातात बाजाराची पिशवी आणि दुसऱ्या हातात कठडा, अशी ती चाचपडत दुसऱ्या मजल्यावर पोचली. कलकत्त्यातल्या वेलिंग्टन चौकाजवळच्या त्या जुन्या घराच्या जिन्यात दुपारीही धड दिसत नसे. आता तर दिवेलागण झाली होती आणि वीज गेलेली.

टॉर्च तसा दिसायला गोजिरवाणा होता. मुठीत मावेल एवढा, काळाभोर, शेपूट फिरवलं की आतून दोन पिना बाहेर यायच्या. त्या भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायच्या आणि टॉर्चने आपली वीज आपणच पिऊन घ्यायची. थोरले दीर, गजाननभाऊजी, जर्मनीहून आले तेव्हा त्यांनी तो धाकट्या भावाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मनोहरला दिला होता. "तुमच्या कलकत्त्यात याची गरज आहे," असं म्हणाले होते, आणि त्या 'तुमच्या'त पुण्याचा सगळा ठसका होता.

भाऊजींची पाठ वळल्यावर मनोहरने टॉर्चचे फायदे-तोटे काढले होते. त्याची ती सवयच होती. चपला घ्यायच्या असोत की मुलीची शाळा ठरवायची असो, उजव्या हाताच्या बोटांवर फायदे आणि डाव्या हाताच्या बोटांवर तोटे मोजल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. सेल विकत आणायला नकोत. सेल आत पाझरून टॉर्च खराब व्हायला नको. खिशात मावतो. हे झाले फायदे. उजेड थोडा वेळच टिकतो, आणि वीज गेली तर वापरायच्या वस्तूला आधी वीजच पाजावी लागते, हे तोटे. सगळ्यात मोठा तोटा घरी प्लगला लावल्यावर समजला. टॉर्च ढिम्म. या घरात अजून साहेबाच्या वेळची डीसी वीज होती आणि टॉर्चला हवी होती एसी. याच विजेपायी कालिंदीचा पुण्याहून आणलेला मिक्सर सात वर्षं खोक्यात पडून होता. तिने ते खोकं उघडलंही नव्हतं. आज ना उद्या परत जायचंच आहे, मग कशाला? बँकेच्या बदलीवर आलेला माणूस बदलीवरच जातो, असा तिचा हिशेब होता. पुण्यात बहिणीच्या बंगल्याशेजारची रिकामी जागा तिने मनातल्या मनात केव्हाच आपली म्हणून टाकली होती, आणि मनोहरनेही कधी नाही म्हटलं नव्हतं.

टॉर्चची सोय मग मनोहरनेच लावली. शनिवारी बँक अर्धा दिवस. तो टॉर्च घेऊन जायचा, मागे राहून साचलेली कामं उरकतो म्हणायचा आणि संध्याकाळी भरलेला टॉर्च घेऊन यायचा. जिना चढण्याउतरण्यापुरता तो आठवडाभर पुरत असे. या आठवड्यात मात्र मुलीने, लीनाने, पांघरुणात पुस्तक वाचून त्याचा पार निकाल लावला होता.

"बाबा नेबे तो शनिवारी," असं त्या पोरीने वर ऐकवलं. 'नेतील'चं 'नेबे' व्हायचं; कलकत्त्यात वाढल्यामुळे तिची मराठी अशीच कुठेही बंगालीत घसरायची.

शनिवारपर्यंत थांबायची कालिंदीची तयारी नव्हती. दुसऱ्या दिवशी न्यू मार्केटला जायचंच होतं, तेव्हा पुढे दोन पावलं टाकून ती मनोहरच्या बँकेत गेली. तो हेड ऑफिसला गेला होता. त्याच्या टेबलाशेजारी घोषबाबू बसले होते. ते लगबगीने उठले. वहिनीला बंगालीत म्हणतात तसं बौदी, बौदी करत त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला.

"चहा राहू दे," कालिंदी हिंदीत म्हणाली. "एवढा टॉर्च प्लगला लावून ठेवा. संध्याकाळी हे घेऊन येतील."

घोषबाबूंनी टॉर्च ओळखला आणि ते हसायला लागले.

"बौदी, ये इधर चार्ज होगा नहीं। इस बिल्डिंग में भी आपके घर का माफिक डीसी। मनोहरदा पहला दिन लाया था, लगाया था। हम सब कितना हँसा!"

"पण दर शनिवारी तर..."

"शनिवार को?" घोषबाबूंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू विरलं. माणूस भला होता, आपण काहीतरी बोलून बसलो हे त्याला कळलं. "होगा, होगा। किसी दूसरे ऑफिस में लगाता होगा," असं पुटपुटत त्यांनी कारण नसताना फायलींची चळत सरळ केली.

कालिंदी ट्राममध्ये बसली तेव्हा तिच्या हातात बंद टॉर्च होता आणि डोक्यात नुसता गोंधळ. नको ते मनात आलंच. ते तिने झटकलं. चार माणसांसमोर बायकोशी बोलतानाही खाली बघणारा हा माणूस, त्याच्या हातून तसलं काही व्हायचं नाही. मग पैसे लावून पत्ते? त्याला साधा झब्बू येत नव्हता. नोकरीचं काही बिनसलं? पण घोषबाबू तर दादा, दादा म्हणून बोलत होते. मग दर शनिवारी हा माणूस जातो कुठे, आणि कुणाच्या भिंतीला टॉर्च लावून बसतो? तिचं उतरायचं ठिकाण मागे गेलं तेही तिला समजलं नाही.

रात्री जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अहो, टॉर्च बँकेत कुठं लावता?"

"माझ्या टेबलाशेजारी. का गं?"

"काही नाही. संपलाय म्हणून."

तो आमटीत भात कालवत राहिला. एवढं सफाईने खोटं बोलता येतं याला! इतकी वर्षं संसार केला आणि हा गुण आपल्या लक्षातच कसा आला नाही, याचं तिला जास्त वाईट वाटलं.

शनिवारी तो टॉर्च घेऊन गेला आणि संध्याकाळी भरून घेऊन आला. तिने तो दाराआड नेऊन निरखला. शेपटाच्या खाचांमध्ये करड्या रंगाची बारीक रेती बसली होती. चपलांनाही तीच. कलकत्त्याच्या रस्त्यावर चिखल असतो, कोळशाची काजळी असते. ही असली रेती कुठून आली? नदीकाठी जाऊन बसत असेल का? पण नदीकाठी वीज कुठली? जितका विचार करावा तितका गुंता वाढत होता. कुणाला विचारणार? बालीगंजच्या मराठी बायकांच्या कानावर हे गेलं असतं तर पुढच्या भिशीपर्यंत त्याची कादंबरी झाली असती.

पुढच्या शनिवारी ती बरोबर दोन वाजता बँकेच्या दारात उभी राहिली. मनोहर बाहेर आला आणि तिला पाहून जागीच थांबला.

"तू इथं?"

"टॉर्च जिथं चार्ज होतो ना, तिथं मलाही यायचंय."

त्याने खिशावर हात ठेवला. आता हा बोटं मोजणार, असं तिला वाटलं. पण त्याने काहीच मोजलं नाही.

"दोन बस बदलाव्या लागतात," एवढंच म्हणाला.

उल्टाडांग्याला दुसरी बस घेतली आणि थोड्या वेळाने शहर संपल्यासारखंच झालं. सॉल्ट लेकची ती भर घालून तयार केलेली जमीन, लांबवर नुसती करडी रेती, मधूनमधून पांढरे तुरे आलेलं काशाचं गवत, आणि एकमेकांपासून फटकून उभी असलेली नवीकोरी घरं. रस्ते आखलेले, पण माणसं नव्हती. मनोहर पुढे आणि ती मागे. एका पिवळ्या घराच्या व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. मनोहरने नेहमीच्या सवयीने टॉर्च त्यांच्या हातात दिला. त्यांनीही नेहमीच्या सवयीने तो आत नेला.

"हे दत्तबाबू," मनोहर म्हणाला. "इथं सगळीकडे एसी आहे."

"आणि तो चार्ज होईपर्यंत तुम्ही काय करता?"

त्याने शेजारच्या जागेकडे हात केला. तिथे छातीएवढ्या भिंती उठल्या होत्या. विटा उघड्या, कडेला रेतीचा ढीग, वाळलेली गवताची पाती. समोर दारापुरती जागा मोकळी सोडलेली. कामावर एकही माणूस नव्हता.

कालिंदीला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावरही पटेना.

"हे आपलं आहे?"

"हो."

"पुणं?"

तो विटांच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "पुण्यात गेलो की मी परत गजाननचा धाकटा भाऊ. तिथं मला सगळे अजून बाळ्या म्हणतात, कालिंदी. इथं मी मनोहरदा आहे. कोपऱ्यावरचा मिठाईवालासुद्धा उठून उभा राहतो. हे तुला कसं सांगायचं? फायदे म्हणून हे सांगायचं? तोट्यांच्या बोटांवर तर तूच येतेस."

सात वर्षं तिने बांधून ठेवलेलं सामान, बहिणीला लिहिलेली पत्रं, आणि हा इथे विटांवर विटा चढवत होता!

"आणि अर्धवट का सोडलंय?" तिने विचारलं. असं विचारायचं नव्हतं, पण तोंडातून आलं तेच. "भिंती उठवल्यात तर पुढं करायचं होतं की. मला छप्पर टाकून झाल्यावरच दाखवायचं असेल ना?"

"चौकट आलीय. दत्तबाबूंकडे ठेवलीय." तो अडखळला. "गवंडी म्हणतो, बाबू, बसवून टाकू. मीच नको म्हणालो. चौकटीची पूजा घरच्या बाईने करायची असते. आईने केलेली मी पाहिलीय. तुझ्याशिवाय ती कशी बसवू? म्हणून पावसाळ्यापासून काम थांबलंय."

"मग दर शनिवारी येता कशाला?"

"दर शनिवारी ठरवतो, आज घरी जाऊन तुला सांगायचं. इथं बसून वाक्यं जुळवतो. मग टॉर्च भरतो आणि मी घरी येतो."

ती काय काय घेऊन आली होती मनात! कुठली कुठली बाई, कुठलं कुठलं संकट. त्या सगळ्याला तोंड द्यायची तिची तयारी होती. चौकटीवाचून खोळंबलेलं दार मात्र तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं. त्याने फसवलं होतं, यात शंका नव्हती. पण फसवणाराच असा तिच्यासाठी अडून बसावा, म्हणजे रागवायचं तरी कसं?

"मुहूर्ताचं नंतर बघू," ती पदर खोचत म्हणाली. "आधी मला भांडायचंय."

"भांड," तो म्हणाला, आणि खरोखरच मुकाट समोर उभा राहिला.

ती विटांच्या ढिगावर बसली. सुरुवात कुठून करावी तेच तिला सुचेना. पुण्यापासून करावी, त्या जेवणाच्या वेळच्या खोट्यापासून करावी, की ट्राममध्ये काढलेल्या त्या दुपारपासून? समोर दारापुरती सोडलेली मोकळी जागा होती आणि तिच्यातून पलीकडचं गवत हलताना दिसत होतं.

"दार पूर्वेला येतंय का?" तिने विचारलं.

"पूर्वेलाच."

"हं," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.