मागून येणारं वजन

"काका, कपडे खराब होतील. बाहेर या ना," सुरज तिसऱ्यांदा म्हणाला.

केरबा बाहेर आला नाही. शोरूमच्या चकचकीत फरशीवर पाठ टेकून तो पांढऱ्या पिकअपखाली सरकला होता आणि मोबाइलच्या उजेडात मागच्या स्प्रिंगचे पाटे मोजत होता. पाच भरले. त्याने पुन्हा मोजले. पाचच होते.

सुरज हा शोरूमचा विक्रेता होता. सकाळपासून पाहिलेल्या तीन शोरूममधला हा तिसरा विक्रेता, आणि तिघांचं बोलणं एकाच शाळेत शिकल्यासारखं होतं. पहिल्याने स्क्रीनवर गाणी लावून दाखवली, दुसऱ्याने छत उघडून आभाळ दाखवलं. सुरज आता केरबाच्या शेठना, राजेंद्रना, थंडगार होणारी सीट दाखवत होता.

केरबा रांगत बाहेर आला. डाव्या गुडघ्यावर भार येऊ न देता, गाडीला धरून उभा राहिला.

"रिकामी गाडी किती वजनाची हाय?"

"काका, हिची ताकद बघा ना. या सेगमेंटमध्ये एवढा टॉर्क—"

"ताकद न्हाई इचारली. वजन इचारलं."

सुरजने मोबाइलमध्ये शोधलं. "दोन टनाच्या आसपास."

"मागं चार टनाची बोट लावली तर उतारावर थांबंल का?"

"ओढेल की, आरामात."

"ओढंल रं बाबा. थांबंल का?"

सुरजने शेठकडे पाहिलं. राजेंद्र मिश्या चोळत म्हणाले, "केरबाभाऊ, बोट चार टनाची नाही. कंपनीच्या कागदावर बाविसशे किलो लिहिलंय. किती वेळा सांगू?"

"त्यो कागद कोऱ्या बोटीचा हाय, शेठ. दोन इंजनं, टाक्या, छत, खुर्च्या आपन लावल्या. खाली लोखंडी ट्रेलर हाय. त्यो काय हवेनं भरलाय का?"

"बसून तर बघा एकदा," सुरजने दार उघडलं. "ऑटोमॅटिक आहे. क्लच नाहीच. डावा पाय नुसता आराम करणार."

केरबा बसला. डावा पाय पसरला आणि खरंच, कित्येक महिन्यांनी गुडघा गप्प झाला. तो क्षणभर तसाच बसून राहिला. मग उतरला आणि म्हणाला, "झ्याक हाय. शेठ, ही न्हाई चालायची."

राजेंद्र शेठचा पवना धरणाच्या पाण्यावर बोटिंगचा धंदा होता. यंदा लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टच्या तळ्याचंही काम मिळालं होतं. तीस माणसं बसतील अशी मोठी बोट आठवड्यातून दोनदा इकडून तिकडे न्यायची, म्हणजे प्रत्येक वेळी दुधिवरे खिंड उतरायची. जुन्या ट्रकचं पासिंग महिन्याभरात संपणार होतं. नव्या गाडीसाठी केरबाचं म्हणणं साधं होतं: सात टनी ट्रक घ्या, उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवेल असा एक्झॉस्ट ब्रेकवाला, आणि ट्रेलरला त्याचे स्वतःचे ब्रेक बसवा. शेठना पिकअप हवी होती. आठवडाभर बोट ओढायची, रविवारी घरच्यांना घेऊन फिरायचं. रिसॉर्टच्या दारात उभी केली तर शोभली पाहिजे. ट्रक कसा शोभणार?

परतीच्या वाटेवर गाडी शेठच चालवत होते. सोमाटण्याचा टोलनाका ओलांडल्यावर म्हणाले, "खरं सांगू का केरबाभाऊ? आपल्याकडे हेवी लायसन एकट्या तुमच्याकडे आहे. ट्रक घेतला की तुमच्याशिवाय पान हलणार नाही. पिकअप काय, कुणीही चालवेल. म्हणून हा हट्ट."

केरबाने खिडकीबाहेर बघितलं. सव्वीस वर्षं तो या घराची गाडी चालवत होता, आधी शेठच्या वडिलांकडे, आता यांच्याकडे. उत्तर जिभेवर आलं होतं, पण ते चालत्या गाडीत सांगण्यासारखं नव्हतं.

"उद्याचा एक दिस थांबा," तो एवढंच म्हणाला. "परवा बुकिंग करा."

घरी बायकोने, चंपाने, त्याच्या गुडघ्याला तेल लावताना सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आवं, मग घिऊ द्या की त्यास्नी ती गाडी. क्लच न्हाई म्हंता ना? पायाला बरं. डाक्टर काय म्हनला, इसरला का? आपरेशन झाल्यावर ट्रकचा क्लच दाबायचा न्हाई. ट्रक आला तर तुमी घरी बसाल."

"म्हाईत हाय."

"मग कशापायी भांडताय?"

"खिंडीत कोंडाजी कसा गेला, तू बघितलं न्हाईस. मी बघितलंय."

कोंडाजी त्याच धंद्यातला दुसरा ड्रायव्हर. बारा वर्षांपूर्वी जीपला छोटी बोट लावून खिंड उतरत होता. केरबा मागून मोटरसायकलवर होता. वळणावर कोंडाजीने ब्रेक दाबला, जीप थांबू लागली, पण मागचा ट्रेलर थांबायला तयार नव्हता. त्याने जीपला बाजूने ढकललं, अगदी सावकाश, एखाद्याने दारातून बाजूला सारावं तसं. कडी तुटून जीप कठड्यापलीकडे खाली गेली आणि बोट वर रस्त्यातच आडवी राहिली. तिला ओरखडाही आला नव्हता.

चंपा तेलाची वाटी उचलून आत गेली.

सकाळी केरबाने जुन्या ट्रकला बोट जोडली आणि थेट कामशेतला वजनकाट्यावर नेली. ट्रेलर सोडून एकटा काट्यावर ठेवायचा, मग ट्रक मागे घेऊन पुन्हा जोडायचा. काट्यावरचा माणूस वैतागला. "अहो, वाळूचा हायवा डंपर पाच मिनिटांत मोजतो मी. ही कसली वरात आणलीय?"

"वरातच हाय. मोज गुमान."

चिठ्ठीवर आकडा आला: चार हजार एकशे ऐंशी किलो.

केरबाने चिठ्ठी शेठच्या टेबलावर ठेवली. शेठनी ती उलटसुलट करून पाहिली. "काटे काय, जुने असतात. शिवाय टाकीत डिझेल असेल."

"टाकी भरलेलीच आसती, शेठ. रिकामी बोट पान्यात कोन नेतंय?"

"पिकअप ओढेल म्हणतोय ना तो मुलगा."

केरबाने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. गेल्या दोन दिवसांत त्याने ओढणं आणि थांबणं यातला फरक तीन विक्रेत्यांना, एका मॅनेजरला आणि या माणसाला मिळून दहादा सांगितला होता.

"चला," तो म्हणाला. "बोट जोडलेलीच हाय. माज्या शेजारी बसा. अर्ध्या तासाचं काम. मंग जी घ्यायची ती घ्या, मी तोंड उघडणार न्हाई."

निदान ही कटकट संपेल म्हणून राजेंद्र उठले.

खिंडीच्या माथ्यावर केरबाने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. पहिली दोन वळणं मुंगीच्या पावलाने उतरली. पुढे सरळ उतार होता, समोर कुणी नव्हतं, दूरवर पवनेचं पाणी चमकत होतं.

"आता ब्रेकवरचा पाय उचलतो. तीन आकडे मोजा."

"एक," शेठ हसत म्हणाले.

इंजिन ओरडलं. पाठीमागून कुणीतरी खांदा लावावा तसा एक दणका बसला, मग दुसरा. सीट पुढे सरकल्यासारखी झाली. आरशात बोटीचं निळं नाक डावीउजवीकडे हलू लागलं.

"दोन." शेठचा हात डॅशबोर्डवर गेला. "बास. केरबाभाऊ, बास करा."

केरबाचा पाय आधीच ब्रेकवर होता. गाडी सावकाश ताब्यात आली. बाजूला जागा बघून त्याने ट्रक उभा केला.

"ही गाडी रिकामी साडेचार टनाची हाय, शेठ," तो म्हणाला. "शोरूमातली दोन टनाची."

राजेंद्र खाली उतरले. दगडावर बसून ते पाणी प्यायले, मग त्यांनी मागे जाऊन ट्रेलरची कडी हाताने धरून पाहिली. परत आले तेव्हा त्यांनी तिथूनच फोन लावला आणि पिकअप नको म्हणून कळवलं.

"ट्रकच घेऊ," ते म्हणाले. "ट्रेलरला ब्रेकही बसवू. जिंकलात. आता अजून दहा वर्षं चालवा."

"मी न्हाई चालवणार."

"म्हणजे?"

"गुडघ्याचं आपरेशन हाय. पुढच्या म्हैन्यात. त्याच्यानंतर क्लच दाबायला डाक्टरनं मना केलंय. घाटात तर न्हाईच." मग थोडं थांबून तो म्हणाला, "ती बिनक्लचची गाडी मला जमली आसती."

टोलनाक्यानंतर आपण काय बोललो होतो ते राजेंद्रना आठवलं. मग म्हणाले, "मला आधी सांगायचंत."

"सांगितलं आसतं तर तुमी माज्यासाठी पिकअप घेतली आसती. नसती घेतली?"

शेठ ट्रकमध्ये चढून आपल्या जागी बसले.

नवा ट्रक तीन आठवड्यांनी आला. चालवायला नवलाख उंबरे गावचा आदिनाथ मिळाला. तिशी ओलांडलेला, कारखान्यांचा माल वाहून हात बसलेला गडी. केरबाने आठ दिवस त्याला बोटीचा ट्रेलर मागे घ्यायला शिकवलं. आदिनाथ चुकला की केरबा चिडायचा, आणि आदिनाथ "व्हय आबा" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. शेठनी केरबाला बोटिंगच्या काउंटरवर बसायला सांगितलं होतं, ऑपरेशननंतर, जमेल तेव्हा.

पहिली खेप शनिवारी निघाली. केरबाने कडी तपासली, ट्रेलरच्या ब्रेकची वायर ओढून पाहिली, बोटीचे पट्टे हाताने दाबले. मग पुढे येऊन त्याने उजव्या बाजूचं दार उघडलं आणि एक पाय पायरीवर ठेवला.

मागे आदिनाथ उभा होता. वाट बघत.

केरबाने पाय खाली घेतला. खांद्यावरच्या टॉवेलने स्टिअरिंग पुसलं, सीटवरची नसलेली धूळ झटकली आणि दार पूर्ण उघडून धरलं.

"बस," तो म्हणाला.

आदिनाथ वर चढून बसला. केरबाने दार हळू लावलं, नीट लागलं का ते हाताने दाबून पाहिलं, आणि लंगडत ट्रकच्या पुढून वळसा घालून पलीकडच्या दाराकडे गेला.