ठोकळेकर

आमच्या टोळीत कुणालाही खऱ्या नावानं हाक मारत नाहीत. पहिल्यांदा याल तेव्हा लॅपटॉपचं जे रडगाणं घेऊन याल, तेच तुमचं नाव. माझ्या लॅपटॉपचं झाकण एकदा मिटलं की तो परत जागा व्हायचा नाही, म्हणून मी झोप. ज्यांचं झाकणच हातात आलं होतं त्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणजे बिजागरी. आणि ज्यांचा लॅपटॉप नुसता चालू केला तरी घोंघावायचा, ते निवृत्त बसचालक म्हणजे पंखा. पंखाकाका म्हटलेलंही त्यांना खपत नाही. "काका घरी. इथे पंखा," म्हणतात.

लॅपटॉप आमचा सगळ्यांचा एकाच बनावटीचा. जाड, चौकोनी, मांडीवर घेतला तर पाय बधिर करणारा. म्हणून तो ठोकळा आणि आम्ही ठोकळेकर. कधीकाळी मोठमोठ्या ऑफिसांनी तो घाऊक घेतला आणि मग घाऊकच काढून टाकला. त्यावर ज्या कंपनीची सिस्टिम चालायची, तिनं एके दिवशी जाहीर केलं की हे मशीन आता म्हातारं झालं, याला पुढचे अपडेट मिळणार नाहीत. आम्ही म्हटलं, बरं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट घेता येणारी, उघडून बघता आणि बदलता येणारी मोकळी सिस्टिम आम्ही त्यावर चढवली आणि म्हातारा टुणटुणीत झाला. दर रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो आणि कुणाच्या ना कुणाच्या ठोकळ्याची नाडी बघतो.

नियम एकच, कपाचा. ज्याचं मशीन त्यानंच कळा दाबायच्या. मदत करणाऱ्यानं शेजारी बसायचं, चहाचा कप दोन्ही हातांत धरायचा आणि फक्त तोंड चालवायचं. कप खाली ठेवला की समजायचं, याचे हात शिवशिवायला लागले. हा नियम पंखानं घातला. खास माझ्यासाठी घातला असं बिजागरी म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. माझ्या नाकावर राग असतो आणि बोटांत घाई. छापखान्यात दिवसभर मशीन माझ्या तालावर चालतं, त्याची सवय.

तर ही माझ्या दादाची गोष्ट.

दादा माझ्याहून मोठा. एका मोठ्या ऑफिसात ज्या सुनावण्या होतात त्यांची रेकॉर्डिंग्ज ऐकून तो शब्दन् शब्द टाइप करतो. पायाखाली पेडल, ते दाबलं की आवाज पुढे, सोडलं की थांबला. हळूहळू त्याची नजर गेली. आता त्याला खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. पण काम अडलं नाही, कारण त्याच्या लॅपटॉपवर पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा एक आवाज होता. तो आवाज दादा इतक्या वेगानं लावतो की आपल्याला वाटावं, डब्यात वाटाणे हलवतायत. दादाला त्यातलं अक्षरन् अक्षर कळतं.

त्याचा लॅपटॉपही ठोकळाच. आणि त्याच्या ऑफिसनं कळवलं की पुढच्या सोमवारपासून ज्या मशीनला अपडेट येत नाहीत त्याला आमच्या कॉम्प्युटरच्या जाळ्यात प्रवेश नाही. सिस्टिम कुठलीही असो, ताजी हवी. नाही जमलं तर काळजी करू नका, तुम्हाला आम्ही फोनवर बसवू.

"फोनवर!" दादा म्हणाला. "इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडचं एक वाक्य इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. आता 'थांबा हं, जोडून देतो' म्हणत बसू?"

वहिनी म्हणाली, नवा लॅपटॉप घेऊ. घेऊनही बघितला. दुकानातून आणला, दादानं त्यावर हात फिरवला आणि खाली ठेवला. सगळ्या कळा सपाट, एकीला दुसरी चिकटलेली. ठोकळ्याच्या कळांना खळगे आहेत, वरच्या रांगेत मध्ये मध्ये फट आहे. दादाची बोटं त्या फटींवरून वाट काढतात. नव्यावर त्याचा वेग निम्म्यावर आला आणि त्याचा चेहरा असा उतरला की वहिनीनं तो गुपचूप दुकानात परत दिला.

"रविवारी माझ्याबरोबर चल," मी म्हटलं. "चहा संपायच्या आत काम होईल."

"तुमच्यात नावं ठेवतात ना?" दादा म्हणाला. "मी आलो की माझं नाव काय पडेल ते मला आत्ताच सांगता येतं. नको."

मला वाईट वाटलं. म्हटलं, ठीक आहे, घरीच करते. मी काय कमी आहे?

सिस्टिम चढली एका बैठकीत. पेडल पहिल्या फटक्यात ओळखलं गेलं. बोलणारा आवाजही आला. मी खूश होऊन दादाला हाक मारली. त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "हा घास गिळतोय."

खरंच गिळत होता. प्रत्येक ओळीची सुरुवात गायब. मजकूर मधूनच सुरू व्हायचा. तारखेतला पहिला आकडा जायचा, साक्षीदाराचं नाव जायचं, 'फाइल पुसू का' आणि 'फाइल ठेवू का' यांतलं 'फाइल' तर जायचंच, पुढचंही कधीकधी जायचं. तुम्हाआम्हाला चाललं असतं, आपण डोळ्यांनी बघून घेतो. दादाला हे म्हणजे दर पायरीला जिना हलावा तसं.

मी कंबर कसली. रोज छापखान्यातून सुटले की तडक दादाच्या घरी, लॅपटॉप माझ्या मांडीवर. हे बदल, ते काढ, परत घाल. टोळीला कळवलं. उत्तरं धडाधड आली: पडद्याचा फोटो पाठव. पाठवला. फोटोत सगळं ठीकठाक. मग विचारलं: गाणं वाजतंय का? लावलं. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत स्वच्छ वाजलं. मग टोळीचा निकाल आला: गाणं वाजतंय म्हणजे आवाज ठीक आहे, बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्येच खोट असणार. आमच्यात आवाज तपासायचा म्हणजे गाणं लावायचं, ही पद्धतच आहे. मी तो प्रोग्रॅम मुळापासून उपटून परत लावला. घास गिळणं चालूच.

शनिवारी संध्याकाळी माझा तोल गेला. दादा मागे उभा राहून काहीतरी सांगत होता, "अगं, आधी एक..." आणि मी खेकसले, "थांब रे जरा, मला बघू दे!"

दादा शांतपणे खुर्ची ओढून बसला. "इतके दिवस तूच बघतेयस. माझ्या लॅपटॉपला तू मला बोटसुद्धा लावू दिलं नाहीस. तुमच्यात कपाचा नियम आहे म्हणालीस. तो घरी लागू नाही का?"

मी लॅपटॉप मिटला.

"उद्या येतो मी तुमच्यात," तो म्हणाला. "नाव काय पडायचं ते पडू दे. निदान कळा तरी मला दाबू देतील."

रविवारी त्याला घेऊन जिना चढताना मी धास्तावले होते. टोळीची भीती नव्हती, माणसं लाख मोलाची आहेत. पण थट्टा करताना ती कुणाच्या बापाला सोडत नाहीत, आणि दादाला त्या एका शब्दानं हाक मारली असती तर मी तिथंच भांडण काढलं असतं आणि सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

पंखा दादाच्या शेजारी येऊन बसला. दोन्ही हातांत कप. "बसा. तक्रार सांगा."

दादानं सांगितली. मग म्हणाला, "आणि बोलायच्या आधी टिक् असं वाजतं. बारीक. तो गप्प बसला की थोड्या वेळानं परत टिक्. काल हेच सांगत होतो, पण मला बोलू दिलं नाही."

मी भिंतीकडे बघितलं.

"टिक्?" पंखा म्हणाला. "गप्प बसा रे सगळे!"

बिजागरीनं किटली बंद केली. कुणीतरी छताचा पंखा बंद केला, कुणी खिडकी लावली. जमलेले सगळे ठोकळेकर दादाच्या लॅपटॉपभोवती वाकले. कुणीच पडद्याकडे बघत नव्हतं. दादानं एक कळ दाबली.

टिक्. मग अर्धवट वाक्य. शांतता. आणि काही क्षणांनी परत, टिक्.

"हा तर सिग्नलला गाडी बंद करणारा ड्रायव्हर आहे," पंखा म्हणाला. "हिरवा लागला की आधी चावी फिरवणार, मग निघणार. तोवर मागचे बोंबलतात."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आवाजाची चिप झोपत होती! बॅटरी वाचावी म्हणून सिस्टिम तिला दर थोड्या शांततेनंतर झोपवत होती, आणि ती जागी होईपर्यंत ओळीची सुरुवात निघून जात होती. गाणं सलग वाजतं, त्यात तिला डुलकी घ्यायला सवड कुठली! म्हणून गाण्यात काही सापडेना. आणि हे ओळखायला मला आठवडा लागला. मला! जिचं नावच झोप आहे तिला!

मी झेपावले. बिजागरीनं मध्येच माझ्या हातात भरलेला, वाफाळता कप दिला. "दोन्ही हातांनी धर," ती म्हणाली.

मग मी सांगत गेले आणि दादा टाइप करत गेला. एक फाइल, तिच्यात एक ओळ, ओळीच्या शेवटी शून्य. म्हणजे बाई, तू झोपूच नकोस. दादाची बोटं अशी चालली की पंखा चहा प्यायचं विसरला. लॅपटॉप बंद करून चालू केला. दादानं एक जुनी सुनावणी उघडली आणि आवाजाला त्याच्या नेहमीच्या वेगावर सोडलं. वाटाणे खडखडले. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. आम्ही सगळे दादाच्या तोंडाकडे बघत होतो.

दादा हसायला लागला. कितीतरी दिवसांनी असा हसला. "पूर्ण," म्हणाला. "पहिल्या अक्षरापासून पूर्ण." माझा जीव भांड्यात पडला आणि बराचसा चहा साडीवर.

मग तो ताठ बसला. दोन्ही हात मांडीवर. "आता सांगून टाका. काय नाव पडलं माझं?"

मी पंखाकडे डोळे वटारले.

पंखा म्हणाला, "त्यात सांगायचं काय? टिक्."

"नुसतं टिक्?"

"मग काय? मशीनची तक्रार तेवढीच होती की." पंखाला तो काय विचारतोय हेच कळेना. "नाव मशीनवरून पडतं हो. माणसांवरून पाडायला बसलो असतो तर हिचं नाव झोप पडलं असतं का? फटाकडी पडलं असतं."

सगळे हसले. दादा सगळ्यात मोठ्यानं.

सोमवारी ऑफिसच्या जाळ्यानं ठोकळ्याला विनातक्रार आत घेतलं. फोनवर दुसरं कुणीतरी बसलं असेल. दादाला विचारायला वेळ नव्हता, त्याच्याकडे रेकॉर्डिंग्ज साचली होती.

त्यानंतर तो रविवार चुकवेनासा झाला. मध्यंतरी एका रविवारी एक शिवणकाम शिकवणाऱ्या बाई आल्या, डोळ्यांत पाणी. ठोकळा टेबलावरून पडला होता. आत दिवा लागत होता, पंखा फिरत होता, पण पडदा ठार काळा. दुसऱ्या दिवशीच्या वर्गाचे सगळे कपड्यांचे आराखडे त्यात, आणि दुसरीकडे कुठेही नाहीत. आमचा जोडायचा जादा पडदा ग्रंथालयानं नेमका खालच्या व्याख्यानाला नेला होता. आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो. बिजागरी म्हणाली, "पडदा बदलावा लागेल, पुढच्या रविवारी बघू." पंखानंही मान हलवली.

"काय झालंय काय?" कोपऱ्यातून दादानं विचारलं.

"काही दिसतच नाहीये हो," बाई म्हणाल्या.

"एवढंच ना?" दादा म्हणाला. "सरका जरा."

तो त्यांच्या शेजारी येऊन बसला. "आता खालच्या रांगेत डावीकडे हात न्या. मी सांगतो त्या तीन कळा एकदम दाबा." बाईंनी दाबल्या आणि त्या काळ्या ठोकळ्यातून आवाज बोलायला लागला. "हळू लावू या तुमच्यासाठी," दादा म्हणाला. मग बाण वर, बाण खाली, आता ऐका, हेच फोल्डर ना, आता पेन ड्राइव्ह लावा. बाईंचे आराखडे एकामागून एक बाहेर यायला लागले आणि आमच्यातलं कुणीही पडद्याकडे बघून काही सांगू शकत नव्हतं.

"घाबरू नका," दादा म्हणाला. "तुमचं नाव आता काळोख पडणार. मनाला लावून घेऊ नका, ते मशीनचं असतं."

मग मान वळवून त्यानं मला हाक मारली. "झोपे, बघत काय उभी राहिलीयस? माझे हात शिवशिवतायत. कप दे लवकर."

मी दिला. काठोकाठ भरून दिला.