दोन कड्यांचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. वय नऊच वर्षांचं, पण उन्हापावसात उभं राहून ते जास्त दिसतं.

आमच्या उपनगरात घराला घर चिकटलेलं. माझ्या अलीकडे एका धर्माची वस्ती, पलीकडे दुसऱ्या धर्माची. मधली गल्ली इतकी अरुंद की समोरासमोर दोन छत्र्या आल्या तर एकीनं मिटायचं. एका वर्षी दंगल झाली, तीन घरं जळली. मग वेल्डरनं दोन दिवसांत मला घाईघाईनं जोडून त्या गल्लीत उभं केलं. कड्या दोन, अलीकडे एक नि पलीकडे एक. दोन्ही काढल्या तरच मी उघडणार. पलीकडचं दिसू नये म्हणून अंगभर पत्राही ठोकला. "आता बिनघोर झोपू," असं दोन्हीकडचे लोक म्हणायचे. खरं सांगतो, मला फार अभिमान वाटायचा.

हाल झाले ते काजवाल्या मावशींचे. अलीकडे मला लागूनच दुकान असलेले टेलरमास्तर शर्ट शिवत आणि पलीकडे राहणाऱ्या मावशी त्या शर्टांना बटणांची काजं करत. वीस वर्षांचा शिरस्ता. पूर्वी दहा पावलं पुरायची. आता डोक्यावर गठ्ठा, दुखरा गुडघा आणि मोठ्या रस्त्यानं अर्ध्या तासाचा वळसा.

"मास्तर, नाही हो झेपत. हा गठ्ठा शेवटचा. दुसरी कुणीतरी बघा," एक दिवस मावशी म्हणाल्या. मला माझीच लाज वाटली.

तोवर वातावरण निवळलं होतं. दोन्हीकडच्यांनी आपापली कडी हळूच काढलीही होती! पण आपण आधी नमलो असं दिसायला नको, म्हणून कुणी कुणाला सांगेना. समोरच्यांची कडी लागलेलीच आहे, असं जो तो धरून बसला. अरे, ढकला की! पण लोखंडाचं ऐकतो कोण?

काजं झाल्यावर तो शेवटचा गठ्ठा पोचवायला मावशी घरून निघाल्या आणि पलीकडे माझ्यापाशीच गुडघ्यात कळ आली. त्यांनी पाठ टेकली मात्र, मी करकरत उघडलो. मावशी गठ्ठ्यासकट अलीकडे!

"अहो, तुम्ही इथून कशा?" मास्तर धावले.

लोक जमले. "आमची कडी तीन आठवड्यांपूर्वीच काढलीय," इकडचा एक पुटपुटला.

"आमचीपण," तिकडून आवाज आला.

"आणि मी मेली रोज वळसा घालतेय!" मावशी कडाडल्या. सगळ्यांच्या माना खाली.

मावशींचं काम सुटलं नाही. मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला म्हणतील, आमची निगा राखा. मला मात्र तेल घालू नका, रंगही देऊ नका. आज मी उघडा आहे. मला असाच गंजू द्या, म्हणजे पुन्हा कुणाला लावता येणार नाही.