बी बटणाखालची वाटी

मित्रांनो, माझ्या अंगावरची निम्मी अक्षरं आता पुसली गेली आहेत. तेवढ्यावरूनच ओळखा, मी एक जुना कीबोर्ड आहे. गाणं वाजवायचा नव्हे हं, संगणकाला जोडायचा. तरी माझ्या नशिबात गाणीच आली.

कारखान्यात माझ्या प्रत्येक बटणाखाली रबराची एक चिमुकली वाटी चिकटवली. बटण दाबलं की ती दबते आणि संगणकाला अक्षर पोचतं. सोडलं की ती बटणाला परत वर उचलते. ही वाटी लक्षात ठेवा. पुढे तिच्यापायी एका घराचे प्राण कंठाशी आले.

मला विकत घेतलं ते छकुलीच्या आईनं. तेव्हा छकुली नव्हती आणि तिची आई कॉलेजात होती. एका शाळेच्या गायनवृंदाचे सर हातानं खरडलेली गाणी पाठवायचे आणि छकुलीची आई ती संगीत लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरवून द्यायची. खाली स्वर, वर पियानोसाठी कॉर्डची, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुडग्यांची नावं: ए, बी, सी अशी इंग्रजी अक्षरं. कॉर्डच्या नावात शार्प असेल तर स्वर किंचित चढवायचा, फ्लॅट असेल तर किंचित उतरवायचा. शार्पसाठी ती जाळीसारखं # चिन्ह दाबायची, फ्लॅटसाठी साधा छोटा बी. मी आपला बी पाठवायचो, पडद्यावर त्याचं डौलदार फ्लॅटचं चिन्ह व्हायचं. मग स्पेसची लांब पट्टी दाबली की पुढच्या ठोक्यावर. सर म्हणायचे, "ताई, तुमच्या कागदावर कधी माशी शिंकली नाही!" त्यात माझाही वाटा आहे असं समजून मी फुगायचो.

मग छकुली आली. माझ्या अंगावर बिस्किटाचा चुरा आला, लाळ आली. आईची बोटं माझ्यावर आणि डोळे छकुलीवर. रांगती छकुली हाती लागेल ते तोंडात घालायची आणि आई दिवसभर तिच्या तोंडात बोट घालून काय काय बाहेर काढायची. छकुलीची आत्या हसायची.

"वहिनी, पोरीला शिंक आली तरी तू डॉक्टरांना फोन लावतेस!"

"लावते. तुला झाली की तूही लावशील."

एका दुपारी आई अंघोळीला गेली होती. आत्या छकुलीला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली. छकुलीनं माझ्या बी बटणात नख घातलं आणि ते खटकन उपटलं. सोबत वाटीही निघाली, उडाली आणि स्पेसच्या पट्टीशेजारच्या फटीतून माझ्या पोटात गेली. कुणालाच दिसली नाही. आत्यानं छकुलीच्या मुठीतून बटण सोडवलं आणि घाईघाईनं जागेवर दाबून बसवलं.

"कुणाला सांगू नकोस हं," ती छकुलीला म्हणाली. "तुझी आई घर डोक्यावर घेईल."

वरून मी धडधाकट दिसत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई वार्षिक कार्यक्रमाचं गाणं लिहायला बसली. ती बी दाबत होती आणि मी मुका होतो. स्पेस जड लागली तेव्हा ती पुटपुटली, "चुरा गेला असणार." एवढ्यात छकुली रडली. आईनं पान न तपासताच पाठवून दिलं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. आईनं तो स्पीकरवर टाकून माझ्याशेजारी ठेवला.

"ताई, हे काय झालं? मुलं एका सुरात आणि पियानो दुसऱ्याच गावी! शार्प सगळे जागेवर आहेत, पण फ्लॅट एकजात गायब. ई-फ्लॅटच्या जागी नुसता ई. बी-फ्लॅटची तर जागाच कोरी."

आईचा चेहरा उतरला. मग ती थबकली. "कोरी? म्हणजे बीसुद्धा नाही?"

तिनं माझं बी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग नखानं उचकटलं आणि पांढरीफटक पडली. खाली वाटी नव्हती.

"हे कुणी काढलं होतं?"

आत्या दारात उभी होती. "काल... छकुलीनं. पण बटण मी लगेच घेतलं गं तिच्या हातातून."

"आणि वाटी?"

"कसली वाटी?"

आईनं छकुलीचं तोंड उघडून पाहिलं, तिला छातीशी धरलं आणि डॉक्टरांना फोन लावला. या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, "श्वास नीट आहे ना? लगेच निघा. तशीच दुसरी वाटी असेल तर दाखवायला आणा."

आईनं माझी वायर ओढली आणि मला पिशवीत कोंबलं. वाटेत मी जिवाच्या आकांतानं सांगत होतो, माझ्याच पोटात आहे, माझ्याच! पण मला कुठला आवाज?

दवाखान्यात डॉक्टरांनी छकुलीची छाती ऐकली, घसा पाहिला. ती त्यांची नळी ओढून खिदळत होती. "वाटी केवढी असते?" असं म्हणत त्यांनी पेनाच्या टोकानं माझं सगळ्यात मोठं बटण, स्पेसची पट्टी उचलली.

"या पट्टीखाली दोन असतात का? एक चिकटलेली आहे, एक सुटी पडलीय."

आईनं ती सुटी वाटी उचलली आणि बीच्या रिकाम्या जागेवर ठेवली. गोंदाच्या वळावर ती अचूक बसली. आई तिथंच फरशीवर बसली आणि छकुलीच्या पोटात तोंड लपवून हमसून हमसून रडली.

"वहिनी, तू ओरडशील म्हणून मी गप्प बसले," आत्या म्हणाली.

"ओरडलेच असते गं. पण ओरडून झाल्यावर दोघींनी मिळून शोधली असती."

मित्रांनो, तुमच्या हातून काही निखळलं, मोडलं, तर ते गुपचूप दाबून बसवू नका. लगेच सांगा. आम्हा वस्तूंना ठाऊक असतं सगळं, पण सांगता येत नाही.

माझा बी आता पुन्हा चिकटवला आहे, जरा अडखळतो. आई कामाला बसली की सगळ्यात आधी तोच दाबते. पडद्यावर फ्लॅट उमटला तरी ती उठते, छकुलीच्या तोंडात एकदा बोट फिरवून येते आणि मगच गाणं लिहायला घेते.