काठाची मोहरी

"कोणी कापलं हे? मी विचारतोय, कोणी कापलं?"

किडेमास्तरांचा आवाज एवढा चढला, की पंपघराच्या सावलीत चहा घेत बसलेल्या बायका कप हातात घेऊनच उभ्या राहिल्या. मोहरीच्या प्लॉटभोवती कालपर्यंत चार पावलं रुंदीचा फुललेला पट्टा होता. आता तिथे नुसते खुंट उरले होते. कापलेली झाडं कोपऱ्यात नीट रचून ठेवली होती. कोणीतरी अगदी मन लावून काम केलं होतं, आणि तेच जास्त चीड आणणारं होतं.

मुकादम हात पुसत पुढे आला. चेहऱ्यावर नुसतं समाधान.

"मीच, मास्तर. पहाटे चौघांना घेऊन उरकून टाकलं. कसं चकाचक दिसतंय, नाही?"

"चकाचक?"

"अहो, उद्या ती समिती येणार. काठावर हा एवढा किडा! एकेका फुलात पाच-पाच भुंगे. आतलं पीक बघा, एक डाग नाही. म्हटलं, समितीनं आधी काठच बघितला, तर तुमचं नाव खराब होईल. जाता जाता कशाला बोल लावून घ्यायचा?"

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. मनातल्या मनात नाही, खरोखरचा. चांगला आवाज झाला.

आता खरं सांगायचं तर किडेमास्तर कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. तेलबिया संशोधन केंद्रात शेतसहायक म्हणून लागले आणि एकतीस वर्षं किडे मोजत राहिले. पानाखालचे, शेंगेतले, कळीतले. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांची नजर खाली आहे, हारातल्या फुलांवरच्या मावा किडीकडे. साहेब आले नि गेले, प्रत्येकानं आपापला प्रयोग केला, मोजणी मास्तरांची. स्वतःचा म्हणावा असा प्रयोग त्यांना शेवटच्या तीन वर्षांत मिळाला, तोही कोणाला नको असलेल्या प्लॉटवर.

प्रयोग साधा होता. मोहरीवर एक बारीक काळा भुंगा येतो. त्याला हवा असतो पराग. फूल उमललेलं असेल, तर तो वरच्या वर पराग खातो, झाडाचं फारसं बिघडत नाही. पण फूल नसेल, नुसत्या हिरव्या कळ्या असतील, तर हा हावरट कळी पोखरून आत शिरतो. कळी गळते, शेंग धरतच नाही. मग लोक फवारे घेऊन धावतात. मास्तरांनी काय केलं, तर काठाला लवकर फुलणाऱ्या वाणाचा पट्टा आधीच पेरून ठेवला. आत कळ्या असतात तेव्हा काठ पिवळा झालेला असतो. भुंगा पिवळा रंग आणि वास यांच्या मागे जातो. काठावरच रमतो. तो आत सरकेपर्यंत आतलं पीक फुललेलं असतं. फवाऱ्याची गरजच पडत नाही.

दोन वर्षं हे बिनबोभाट जमलं होतं. तिसऱ्या वर्षाचे आकडे चांगले आले, की समिती शिफारस करणार होती आणि पद्धत शेतकऱ्यांच्या पुस्तिकेत छापून येणार होती. महिनाअखेरीला मास्तर निवृत्त. पुढच्या हंगामात प्लॉट दुसऱ्या कोणाला तरी जाणार. आतलं पीक फुलायला फक्त आठवडा राहिला होता. आणि या शहाण्यानं भुंग्यांचं ताट त्यांच्यासमोरून उचललं होतं.

"अरे गाढवा," मास्तर म्हणाले, "तो किडा तिथेच हवा होता मला! मुद्दाम बोलावला होता!"

"किडा? मुद्दाम?" मुकादमानं बायकांकडे बघितलं. त्याला खरंच वाटलं, मास्तरांना ऊन लागलं.

मास्तरांनी त्याचा दंड धरून त्याला आत पिकात नेलं. एक शेंडा पांढऱ्या ताटलीवर झटकला. काळे ठिपके टपटप पडले आणि चालायला लागले. कालपर्यंत इथे एक किंवा दोन असायचे. आज अकरा.

"हे सगळे काठावरचे," मास्तर म्हणाले. "राहायला आलेत आत."

मुकादमाचा चेहरा उतरला. अठरा वर्षं तो मास्तरांच्या मागे हिंडला होता. "मला काय माहीत, मास्तर?" एवढंच तो म्हणाला.

साहेबांच्या खोलीत वेगळाच वैताग. साहेब वयानं मास्तरांच्या मुलाएवढे, माणूस वाईट नाही, पण घाईत जन्मलेला.

"मास्तर, दिसतंय का काही? नाही ना? कळ्या गळायला चार दिवस जातील. समिती उद्याच येतेय. छान दिसतंय पीक. आकडे मागच्या वर्षीचे थोडे इकडेतिकडे करून..."

"इकडेतिकडे म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला समजलं."

"नाही समजलं," मास्तर म्हणाले. समजलं होतं.

मास्तर घरी जेवायला गेले. बायकोला सगळं सांगितलं, मधे मधे मुकादमाच्या सात पिढ्या काढत. ती भात वाढत शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली,

"त्याला सांगितलं होतंत का तुम्ही?"

"काय सांगायचं?"

"हेच. काठ कशासाठी ते."

"त्याला काय कळणार आहे त्यातलं!"

"मला आत्ता कळलं की." तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "तीन वर्षं रोज रात्री कळ्या कळ्या करताय. मी विचारलं की म्हणायचात, तू झोप. आज पहिल्यांदा नीट सांगितलंत, तेसुद्धा चिडलात म्हणून."

मास्तरांना फार राग आला. राग तिचा नव्हता, म्हणून जास्तच आला. ताटात भात तसाच ठेवून ते उठले.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघं होते, त्यात एक वयस्क बाई प्रमुख. साहेबांनी सगळ्यांना बांधावरून फिरवलं. "बघा, एक फवारा न मारता असं पीक!" बाई मान हलवत होत्या. मुकादम पाण्याचा जग घेऊन मागे उभा होता, पाणी कोणालाच देत नव्हता.

"काठाचा पट्टा कुठेय?" बाईंनी विचारलं. "तुमच्या अहवालात तर..."

साहेबांनी तोंड उघडलं. त्याआधी मास्तर पिकात शिरले होते. त्यांनी शेंडा ताटलीवर झटकला आणि ताटली बाईंच्या पुढे धरली.

"तेवीस," ते म्हणाले. "हा प्रयोग यंदा फसलाय, मॅडम. काल पहाटेपर्यंत चालला होता. पट्टा चुकून कापला गेला."

"कोणी कापला?"

मुकादमानं जग खाली ठेवला.

"पट्टा माझ्या ताब्यात होता," मास्तर म्हणाले. "तो कशासाठी आहे, हे मी इथे कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. एवढंच."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. तिसऱ्या वर्षाशिवाय शिफारस करता येत नाही, असं म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण त्यानं काय होतं! साहेबांनी मास्तरांकडे असं बघितलं, की बघवेना. मग समिती आणि साहेब गाडीत बसले, धुरळा उडाला आणि शेतावर मास्तर नि मुकादम दोघंच राहिले.

मास्तर बांधावर बसले. तीन वर्षं गेली होती, आणि परत मिळण्यासारखी नव्हती. त्यांना रडू येत होतं आणि त्याचाही वैताग येत होता.

"माझं नाव का नाही घेतलंत?" मुकादमानं विचारलं.

"गप बस."

मुकादम गप बसला नाही. तो शेजारी येऊन टेकला. "मास्तर, पुढच्या वर्षी मी आहे इथे. हा प्लॉट नाही मिळाला, तर माझ्या सासऱ्याचं रान आहे. तो काठ आतल्या पिकाच्या आधी किती दिवस पेरायचा?"

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. अठरा वर्षांत त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न होता, की आपण ऐकलेला पहिला, ते त्यांना ठरवता येईना.

"बारा," ते म्हणाले. "पाऊस लांबला तर पंधरा."

मुकादमानं मास्तरांच्या खिशातलं पेन काढून तळहातावर लिहायला सुरुवात केली.

"घाम येतो रे तुझ्या हाताला! संध्याकाळपर्यंत पुसून जाईल. काय माणूस आहेस!" मास्तर ओरडले. मग त्यांनी मोजणीची वही उघडली, मागचं एक कोरं पान अगदी कडेनं फाडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"लिही. सगळं सांगतो. पहिल्यापासून."