दुसऱ्याच्या कोटातला चेहरा

मी एक कागदी साहेब बोलतोय. जन्म पॅरिसचा, वय अडीचशेच्या पुढे. तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची आणि वर ओला कागद दाबायचा, असा माझा जन्म झाला. त्या काळी फ्रान्समध्ये बड्या माणसांचे असे छापील चेहरे दुकानांत टांगून विकत. भिंतीवर राजाचा एखादा मंत्री असला की घरच्यांना आपणही कोणीतरी आहोत असं वाटे.

माझी गोष्ट मात्र जरा लाजिरवाणी आहे. त्या पत्र्यावर आधी दुसराच मंत्री होता. त्याच्यावर राजाची खप्पा मर्जी झाली आणि गिऱ्हाईक आटलं. दुकानदाराला पत्रा वाया घालवायचा नव्हता. कारागिरानं त्या बिचाऱ्याचं तोंड घासून सपाट केलं आणि तिथं नव्या मंत्र्याचं कोरलं. तो मी. झालरीचा कोट पहिल्याचाच राहिला. कोणी कधी विचारलंही नाही.

मस्कतला मला एका फ्रेंच माणसानं आणलं. नवी फ्रेम करायला तिथल्या रुवी भागातल्या सिराजभाईंच्या दुकानात दिलं आणि नोकरी संपताच तो मायदेशी निघून गेला. मला न्यायला आलाच नाही. सिराजभाई मूळचे रत्नागिरीचे. त्यांनी मला घरी न्यायचं काढलं, पण जिथं नमाज पढतो तिथं तोंडाचं चित्र नको, असं त्यांच्या बायकोनं, कुबराभाभींनी बजावलं. मग सात वर्षं दुकानातच धूळ खात पडलो.

काल, मंगळवारी दुपारी कुडाळचा प्रशांत दुकानात आला. आठ दिवसांपूर्वी मस्कतजवळ अल अमेरातला बांधकामाच्या परांचीवरून त्याचा मामेभाऊ धनेश पडला आणि जागीच गेला. कागदपत्रं आता कुठे पुरी झाली होती, दुसऱ्या दिवशी शवपेटी विमानात चढणार होती. प्रशांतच्या फोनमध्ये धनेशचा एकच धड फोटो होता. साइटवरचा, डोक्यावर पिवळं हेल्मेट, तोंड उन्हानं रापलेलं. आणि धनेशनं तर आईला सांगून ठेवलं होतं की आपण ऑफिसात एसीत बसतो. तेवढं खोटं तरी टिकावं, मामीला आणखी धक्का नको, असं प्रशांत पुन्हा पुन्हा सांगत होता.

सिराजभाईंना असली कामं सवयीची. इथे मेलेल्या किती जणांना त्यांनी कॉम्प्युटरवर कोट चढवले असतील! त्यांनी हेल्मेट पुसलं, केस बसवले, निळा कोट घातला, टाय लावला. पुन्हा दुसऱ्याच्या कोटात चेहरा! ओरडावंसं वाटलं, पण कागदाला आवाज कुठला?

प्रशांतनं तिथूनच मामीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोटो दाखवला. मामीनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"हो कोट कोणाचो?"

मूळ फोटो साइटवरचा, हेल्मेटातला असल्याचं प्रशांतनं सांगून टाकलं.

"माका सगळा म्हायत होता रे. मे म्हयन्यात इलो तेव्हा तेचे हात बघितलंय मी. तो आपणहून सांगात म्हणान गप रवलंय. हेल्मेटवालो फोटोच घेवन ये. माका माझो झील होयो."

सिराजभाईंनी कोट काढून टाकला. "खलास, झालं काम," एवढंच म्हणाले आणि हेल्मेटवाला फोटो छापायला लावला. त्या मापाची फ्रेम दुकानात एकच होती, माझी. काचेमागे त्यांनी धनेशला बसवलं, आणि पाठीला जाड कागद हवा म्हणून मलाच तोंड मागे करून घातलं.

आत्ता मी विमानतळावर आहे, प्रशांतच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेला. पेटी खाली सामानात चढतेय. इथं काळोख आहे आणि धनेशची पाठ माझ्या पाठीला लागली आहे. यापुढे मला कोणी बघणार नाही, आणि खरं सांगतो, त्याचं वाईट वाटत नाही.

माझी एकच विनंती आहे. पुढेमागे कोणी ही फ्रेम उघडली, तर मला खुशाल चुलीत घाला. पण त्या पोराचं हेल्मेट पुसू नका. त्याच्या आईनं तो तसाच मागून घेतला आहे.