सूर्यफुलाची टोपी

मित्रांनो, मी उशीचा एक जुना अभ्रा आहे. चादरीच्या उरलेल्या तुकड्यातून घरातल्या आईने मला शिवले आणि बाबांच्या उशीवर चढवले. बाबा न्हावी. दिवसभर लोकांची डोकी त्यांच्या हातात आणि रात्री त्यांचे डोके माझ्यावर! त्यांच्या घोरण्याला मी कधी नावे ठेवली नाहीत. पुढे मी विरलो, कोपऱ्यात फाटलो आणि फडक्यांच्या डब्यात जाऊन पडलो. तिथे मला फार वाईट वाटले.

त्या वर्षी लेकीने अंगणात चार सूर्यफुले लावली होती. तिची मैत्रीण गाव सोडून जाताना बिया देऊन गेली होती. "फुलं आली की मला यांच्याच बिया पाठव हं," असे तिने बजावले होते. थंडी तोंडावर आली, पाकळ्या गळल्या आणि फुलांनी माना खाली घातल्या. ते पाहून सुटीच्या दिवशी बाबांचे हात शिवशिवले. तीन फुले छाटून झाली, तेवढ्यात लेक धावत आली.

"बाबा, हे काय केलंस!"

"अगं, माना टाकल्या होत्या त्यांनी. म्हटलं, संपला खेळ."

छाटलेल्या फुलांत बिया पांढऱ्या आणि पोकळ होत्या. लेक ढसाढसा रडली. शेजारच्या आत्याने भावाला चांगलेच फैलावर घेतले.

"अरे दादा, मान खाली गेली की मगच तर बिया भरायला लागतात! मागची बाजू तपकिरी होईपर्यंत थांबायचं. आणि पोरी, या उरलेल्या फुलाला कापड बांध, नाहीतर पाखरं एक दाणा ठेवायची नाहीत."

लेकीने डबा उपसून मला बाहेर काढले. आईने माझ्या भोकाला ठिगळ लावले. जन्मभर डोक्याखाली राहिलेला मी एकदाचा फुलाच्या डोक्यावर चढलो! चिमण्या येऊन टोचत, पण मी दाद दिली नाही. धुक्याने भिजलो की लेक मला वाळवून पुन्हा बांधायची. वारा सुटला तेव्हा बाबांनी देठाला झाडूचा दांडा बांधून आधार दिला. रोज दुकानात जाण्याआधी ते हात पाठीमागे बांधून फुलाखाली वाकत आणि म्हणत, "हिरवंच आहे अजून."

अखेर फूल तपकिरी झाले. लेकीने स्वतःच कात्री आणून दिली. "आता काप, बाबा." इतकी डोकी हाताळलेल्या माणसाने त्या दिवशी कापण्याआधी फुलाची मागची बाजू पुन्हा एकदा निरखली.

काळ्याभोर, टपोऱ्या बिया माझ्यातच ओतल्या गेल्या. मूठभर मैत्रिणीकडे रवाना झाल्या. उरलेल्या पोटात घेऊन मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर मजेत लटकतो आहे.

मित्रांनो, जुने कापड फेकताना जरा थांबा. आणि कुणी मान खाली घातली म्हणजे तो संपला, असे समजू नका. आमचे बाबा तर आता गिऱ्हाईक खुर्चीत मान टाकून पेंगू लागले की कात्री आवरतात आणि हळूच म्हणतात, "भरू दे, भरू दे."